शेकाची वीट

भुलीच्या डॉक्टर मॅडमनी पाठीत नळी घालायचं समजावून सांगितलं. माझ्या आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजी शिजर."

मॅडम म्हणाल्या, "नाही मावशी, बाळंतपण नाही. यांच्या मोठ्या आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची. तेवढं आतडं कापून काढायचं आणि उरलेली दोन टोकं जोडायची. नंतर पोट दुखू नये म्हणून पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवणार. तिच्यातून औषध थोडं थोडं जात राहील."

"त्येच की. कमरेत सुई, प्वाट फाडायचं. शिजरच."

मॅडम हसल्या. मी हसले नाही. आईच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायला कुठलाही सर्जन पुरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आमची वस्ती नवलाख उंबरे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. खालच्या बाजूला आता कंपन्या आल्यात, कंपाउंडच्या भिंती आल्यात. पण वस्तीत बाई बाळंत झाली की अजूनही निरोप माझ्या आईला जातो. बाळंतपण दवाखान्यातच झालेलं असतं, टाके पडलेले असतात, गोळ्यांची पिशवी बरोबर असते. तरी घरी आल्यावर शेक आईचाच. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि कमरेला वीट. ही वीट तिची स्वतःची. कोपरे झिजून गोल झालेली, तेल पिऊन काळी पडलेली. ती चुलीत तापवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायची आणि बाळंतिणीच्या कमरेला, मांड्यांना, टाचांना लावत जायची. बाई "आई गं" म्हणाली की पुढे सरकवायची. तेवढंच तिचं मोजमाप. बाई ओरडली नाही तर वीट तिथेच राहायची.

दुसऱ्याच्या खाचरात भात लावताना आईला कुणीही "ए" म्हणून हाक मारायचं. शेक द्यायला गेली की मात्र सासवासुद्धा उठून जागा करून देत. वस्तीतल्या सगळ्यांना तिने शेकलं. माझ्या भावजयांना, चुलत बहिणींना, जिच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही तिच्या सुनेलाही. फक्त मला नाही. मला मूल झालं नाही. का झालं नाही ते आम्ही दोघांनी डॉक्टरांकडून ऐकलं, घरी येऊन जेवलो आणि विषय मिटवला. आईने मिटवला नाही. वस्तीतली पहिली बी.कॉम. मी, मुलींमधली नव्हे, सगळ्यांमधली. आईचं म्हणणं, त्या पुस्तकांनीच माझं पोट सुकवलं. हे ती माझ्या तोंडावर म्हणायची, माझ्या सासरच्या माणसांसमोर म्हणायची, आणि एकदा माझ्या ऑफिसातल्या शिपायालाही तिने हे सांगितलं होतं. त्याने नुसतं पाणी विचारलं होतं तिला.

मी एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. काचेच्या खिडकीमागे बसते. ट्रकचे ड्रायव्हर रांगेत उभे राहतात, मी कागद तपासते, शिक्का मारते, तेव्हा गाडी गेटबाहेर पडते. माझ्या शिक्क्याशिवाय मालकाची गाडीसुद्धा हलत नाही, हे मला आवडतं. ते आवडतं म्हणायला मला लाज नाही. म्हणून गाठ निघाली तेव्हा मी सरांना, म्हणजे सर्जनना, मरणाबद्दल काही विचारलं नाही. मी विचारलं, "पोटावर पिशवी लागेल का?"

ते म्हणाले, "जोड देता आला तर नाही. पोट उघडल्यावर ठरेल."

पिशवी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढायचं आणि त्याला पिशवी चिकटवायची. संडास त्यात. आमच्या इथे एका फोरमनला ती लागली होती. त्याने कामात कसूर केली नाही, पण त्याला लोक काय म्हणायचे ते मी खिडकीतून ऐकलेलं होतं. तो पुढे गेला की ड्रायव्हर नाकाशी हात न्यायचे. वास येवो न येवो. माझ्या खिडकीसमोर कुणी नाकाशी हात नेलेला मला चालणार नव्हता. मेले असते तर निदान नाकाशी हात नेण्याला कारण तरी झालं असतं.

ऑपरेशन सोमाटण्याकडच्या एका दवाखान्यात झालं. शुद्धीवर आले तेव्हा पहिला हात पोटावर गेला. पट्टी होती, बाजूने एक नळी होती, पिशवी नव्हती. सर संध्याकाळी आले. "जोड दिलाय," म्हणाले. "पण अजून जिंकलो नाही. आतडं आता झोपलंय. ते चालू झालं पाहिजे. त्यासाठी उठायचं, बसायचं, चालायचं, खोल श्वास घ्यायचे. गॅस पास झाला की सिस्टरना सांगायचं, लाजायचं नाही. आतडं जागं झालं नाही, पोट फुगत गेलं, जोड सुटला, तर परत उघडावं लागेल. आणि मग पिशवीच."

एवढं शिकून शेवटी माझी सगळी इज्जत एका पादण्यावर येऊन टेकली होती. दुसरा शब्द वापरून त्याची किंमत वाढत नाही.

पाठीतल्या नळीचं काम चोख होतं, ते मान्य केलं पाहिजे. छातीखालपासून मांड्यांपर्यंत मी नव्हतेच. शेजारणीचं पोट कुणीतरी माझ्या पलंगावर आणून ठेवावं तसं ते समोर दिसायचं. खोकले तरी दुखायचं नाही. पलंगाशेजारी पंप टांगलेला, त्यातून औषध जात होतं. सिस्टर दर वेळी विचारायच्या, "दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल?"

"शून्य," मी म्हणायची.

आई खालच्या स्टुलावर बसलेली असायची. ती एकदा म्हणाली, "शून्य? बरं झालं, कुटंतरी नापास झालीस."

सिस्टर हसून लोळायची बाकी राहिली. मला बसवलं, पाय खाली सोडले, तर उजवा पाय माझ्याबरोबर आला नाही. पोत्यासारखा लटकत राहिला. भुलीच्या मॅडम आल्या. त्यांनी स्पिरिटचा बोळा मांडीवरून फिरवला. "गार लागतंय?"

"नाही."

"औषध उजव्या बाजूला जास्त पसरलंय. घाबरायचं नाही, मी पंप कमी करते, पाय परत येईल. तोवर एकट्याने उतरायचं नाही." मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि या पायाला गरम पाण्याची पिशवी, शेक, बर्फ, काही लावायचं नाही. भाजलं तरी यांना कळणार नाही."

नवऱ्याने मान हलवली. तो भला माणूस आहे, सगळ्याला मान हलवतो. आई त्या वेळी खाली चहा प्यायला गेली होती. वर आल्यावर तिला हे सांगणं हे नवऱ्याचं काम होतं. त्याने सांगितलं ते असं: "मॅडम म्हणाल्या, पाय येईल परत."

"परत यील म्हंजी? गेला कुटं?"

आईने चादर वर केली आणि बाजारात कोंबडी बघावी तशी माझी मांडी चेपून बघितली. मग चिमटा काढला, नखं रुतवून. "दुखतं का?"

"नाही."

तिने ब्लाउजची सेफ्टी पिन काढली. मी बघत होते. टोक कातडीत गेलं, बारीक लाल ठिपका आला. "आता?"

"नाही, आये. औषध आहे ते."

"औषिद!" ती म्हणाली. "मेलेल्या जनावराला बी दुकत न्हाई, बिनऔषदाचं." पिन तिने पदराला पुसली आणि परत ब्लाउजला लावली. तिचा चेहरा उतरलेला मी तेव्हा बघितला. कमरेच्या सुईने बाई कायमची बसते, हे तिने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. सुई घेतलेल्या बाईच्या कमरेत गारठा शिरतो, तो पायात उतरतो आणि शेकाने बाहेर काढावा लागतो. आता तो तिच्या लेकीच्या पायात उतरला होता आणि दवाखान्यात शेगडी चालत नव्हती.

त्याच दिवशी भेटायच्या वेळेला माझी जाऊ आली. मोसंबी घेऊन आली. मला तोंडाने पाण्याचे घोटसुद्धा मोजून होते, त्यामुळे ती स्वतःच सोलून खात बसली.

"केवढी निघाली गं गाठ?" तिने विचारलं.

"लिंबाएवढी."

"असू दे बाई." तिने बी हातावर काढली. "पोटातून काहीतरी निघालं एकदाचं."

आई स्टुलावर होती. एरवी मला बोलायची संधी तिने कधी सोडली नाही, पण दुसऱ्या कुणी बोललेलं तिला खपत नाही. ती तोंड उघडणार होती. मीच आधी बोलले. दुखत नव्हतं, त्यामुळे आवाज चांगला लागला.

"तुमच्या पोटातून निघालेले दोघं कुठे असतात हल्ली? शेजारून डबा येतो म्हणे तुम्हाला."

जावेने फोड अर्धी चावून तशीच धरली. मग पर्स उचलून "येते" म्हणाली. मोसंब्यांची पिशवी परत घेऊन गेली. आई मागून म्हणाली, "सालं बी न्या की, बाय. म्हशीला व्हतील."

आम्ही मायलेकी त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी एका बाजूला होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांची ड्युटी बदलत होती, टेबलापाशी दोन्ही पाळ्यांची गर्दी होती, आणि आई डब्याची कापडी पिशवी घेऊन आत आली. खाली गेटवरच्या वॉचमनने पिशवीला हात लावून विचारलं होतं, "मावशी, काय आहे?" ती म्हणाली होती, "डबा हाय, गरम हाय, हात भाजंल." त्याने सोडलं. खोटं म्हणावं तर ती खोटंही बोलली नव्हती. गेटबाहेर वडापावची गाडी होती. त्या गाडीवाल्याच्या भट्टीवर तिने वीट तापवून घेतली होती. वस्तीवरून येताना ती वीट घेऊनच आली होती.

तिने पडदा ओढला. चादर सरकवली. फडक्यात गुंडाळलेली वीट माझ्या उजव्या मांडीखाली, मागच्या बाजूने सारली. पंप कमी केला होता तरी पाय अजून आलेला नव्हता. मला काही कळलं नाही. आई मांडीखाली काहीतरी ठेवतेय एवढंच दिसलं. मला वाटलं, उशी असेल.

मग ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली आणि बोलायला लागली. मला वाटतं, ती माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोललीच नव्हती. माझ्या थोरल्या भावजयीला शेकताना ती किती रडायची, धाकटी कशी दात खाऊन गप पडायची, मग तिलाही ओरडायला कसं शिकवलं. "गप बसलीस तर मला कळणार कसं, म्हनलं." पदराने माझं कपाळ पुसत होती. "तुजं बी कराया मिळालं," ती म्हणाली. "मी म्हनायची, ह्या जल्मात न्हाई. आता बग, पाय कसा मोकळा व्हतो."

मला बरं वाटत होतं. हे लिहिताना चीड येते, पण वाटत होतं. पोट दुखत नव्हतं, पाय दुखत नव्हता, आईचा हात कपाळावर होता, हाताला निखाऱ्याचा आणि वड्याच्या तेलाचा वास होता. मी डोळे मिटले. आई वाट बघत होती, मी "आई गं" म्हणायची. मी म्हटलं नाही. म्हणून वीट तिथेच राहिली.

वास सिस्टरला आला. पलंगावरच्या चादरीखाली रबर असतं, ते तापलं होतं. पडदा बाजूला झाला, चादर उडाली, सिस्टरने वीट बघितली आणि ती जी ओरडली त्याने शेजारच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला. वीट खाली फरशीवर पडली. माझी मांडी वर उचलली तेव्हा फडक्याला कातडी लागून आली होती. हे मला दिसलं नाही. नवऱ्याने नंतर सांगितलं, आणि सांगताना मान हलवली नाही.

"तुम्ही आई आहात का कोण आहात?" सिस्टर ओरडली.

"फोड आला म्हंजी गारठा निगाला," आई म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, कौतुकाची वाट बघत असल्यासारखी. "आगं, तू वरडली का न्हाईस?"

"मला दुखलं नाही," मी म्हणाले.

तेव्हा तिला कळलं. तोंडावर काही दाखवलं नाही तिने. खाली वाकून वीट उचलायला गेली, तर ओरडा ऐकून वर आलेल्या वॉचमनने ती पायाने बाजूला सारली आणि तिचा दंड धरला. तोच वॉचमन. तिला जिन्याने खाली नेलं. वॉर्डातले सगळे बघत होते. सगळ्यांसमोर मी सिस्टरला सांगितलं, "हिला परत आत सोडू नका." हे मी शांतपणे, शुद्ध मराठीत सांगितलं, आणि आईने जिन्यावरून ऐकलं. मला ते ऐकवायचंच होतं.

मॅडम आल्या. त्यांनी नवऱ्याला काय काय ऐकवलं ते मी पुरेपूर ऐकलं आणि मधे पडले नाही. पंप पहिल्यांदा बंद करून बघितला, पाय येतो का म्हणून. तासाभराने बोटं हलायला लागली. पाय आला, आणि पायाबरोबर मांडीही आली.

मला वाटायचं, पोट फाडल्यावर पोट दुखेल. पोट दुखलं, पण ते मोठ्या माणसासारखं दुखलं, दबक्या आवाजात. मांडी नागड्या पोरासारखी भोकाड पसरून बसली. कुल्ल्याच्या खालपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत भाजलेलं, आणि उताणं झोपलं की तेच अंगाखाली. पालथं होता येत नव्हतं, पोटावर टाके. डाव्या कुशीवर पोटातली नळी. उजव्या कुशीवर परत मांडी. सिस्टर आल्या आणि विचारलं, "दहापैकी किती?"

"कशाचे?" मी म्हणाले. "पोटाचे चार. मांडीचे द्या तेवढे."

मॅडमनी सांगितलं, पंप परत चालू करता येईल, बेताने, पण पाय पुन्हा जड झाला तर चालणं पुन्हा मागे पडेल. सर म्हणाले, पोट फुगायला लागलंय, आतडं अजून झोपलंय. गोळ्या देऊ, इंजेक्शन देऊ, पण चालायला हवं. मी विचारलं, पाठीतली नळी काढली आणि मी चालले तर पिशवी टळेल का? सर म्हणाले, शब्द देत नाही. मी म्हणाले, काढा.

नळी काढताना काही वाटलं नाही. चिकटपट्टी निघाली तेवढंच.

मग मी चालायला लागले. त्यात शौर्य काही नव्हतं. पलंगावर पडणं चालण्यापेक्षा वाईट होतं, एवढंच. फिजिओथेरपीची मुलगी सकाळी यायची आणि म्हणायची, "काकू, आज दाराशी जाऊन येऊ या." मी दारातून पुढे कॉरिडॉरमध्ये जायची, टोकाच्या खिडकीपर्यंत, परत यायची, पलंग बघायची आणि तशीच वळायची. एका हातात पोटाची उशी दाबून धरलेली, दुसऱ्या हातात सलाईनचा स्टँड, मांडीला गाउन चिकटू नये म्हणून मागून नवऱ्याने तो उचलून धरलेला. लग्नात पदर धरून मागे चालतात, तसा तो चालत होता. इतर पेशंट पलंगावर पडून कण्हत असायचे, सिस्टर त्यांना माझ्याकडे बोट दाखवायच्या. "बघा त्या कशा चालतायत." त्या कुणाला माझी मांडी दाखवत नव्हत्या.

खिडकीतून गेट दिसायचं. आई वडापावच्या गाडीशेजारी उकिडवी बसलेली असायची. घरी जायला तयार नव्हती. नवरा तिला जाऊन सांगायचा, घरी जा, तर म्हणायची, "प्वाट मोकळं झालं का तिचं? मग जाईन." मी खिडकीशी पोचले की ती वर बघायची. मी लगेच वळायची. तेवढ्यासाठी कधी कधी एक फेरी जास्त मारली आहे मी.

अशाच एका फेरीत, खिडकीशी, तिच्याकडे पाठ करताना वारा सरला. मोठ्याने, लांबलचक. मागे गाउन धरून नवरा होता. तो म्हणाला, "झालं?" मी म्हणाले, "झालं." कॉरिडॉरच्या बाकावर कुणाचे तरी नातेवाईक बसले होते, त्यांच्यातल्या एका बाईने नाकाशी पदर नेला. ज्या गोष्टीला मी एवढी भीत होते ती झाली, आणि मी त्या बाईकडे बघून हसले. नवऱ्याने सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी सरांना फोन केला. आयुष्यात माझा निकाल एवढ्या तातडीने कुणी कुणाला कळवला नव्हता.

नवरा खाली जाऊन आईला सांगून आला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बगा. माझ्या शेकानं."

मी संतापले. पण संतापले म्हणून तरी तिला काय उत्तर देणार होते? औषधाने आतडं जागं केलं, चालण्याने केलं, हे सर सांगतील. पण मी चालले का? पलंगावर पडता येत नव्हतं म्हणून. पडता का येत नव्हतं? हे मी तिला कधीच सांगणार नव्हते. तरी तिने पुढच्या आठवडी बाजारापर्यंत वस्तीभर केलं. आंबी गावातल्या नात्यातल्या बायकांपर्यंत गेलं. डॉक्टरने हात टेकले होते, पोरीचं पोट दगड झालं होतं, मग आईने एकच शेक दिला आणि वारं मोकळं झालं. वॉचमन त्यात नव्हता. फडक्याला लागून आलेली कातडीही नव्हती.

पिशवी लागली नाही. गाठीचा रिपोर्ट आला, पुढे केमो ठरली, त्याचं रामायण वेगळं. मी कामावर परत बसले ती मांडीखाली मोटारसायकलच्या ट्यूबचं कडं घेऊन. एका ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, मूळव्याध का?" मी त्याची गाडी जेवणाच्या सुट्टीनंतर सोडली.

वीट माझ्या घरी आली होती. वॉर्डातल्या मावशींनी ती सामानात बांधून दिली होती, पेशंटची वस्तू म्हणून. आई बरेच दिवस आली नाही. मग एका सकाळी आली. चहा प्यायली नाही, केमोने गेलेल्या केसांकडे बघितलं नाही, सरळ म्हणाली, "वीट दे."

"कशाला?"

"वरच्या आळीतली सून आलीया. शिजर झालंय."

मी साडी वर केली, पाठमोरी झाले आणि मांडी तिच्यासमोर धरली. डाग तेव्हा गुलाबी होता, मधे सुरकुतलेला, विटेच्या आकाराचा. एक कोपरा तर नीट गोल उमटलाय. "आधी हे बघ," म्हणाले. "मग माग."

तिने बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने बोट डागावर ठेवलं आणि चिमटा काढला, नखं रुतवून, दवाखान्यात काढला होता तसाच.

"आई गं!" मी ओरडले.

"दुखतं नव्हं?" ती म्हणाली. "मग झालं की. जिता हाय पाय. दे वीट."

"देणार नाही."

"तुज्याकडं ठिवून काय उपेग?" ती चपला घालत म्हणाली. "तुला कुटं लागणार हाय ती कंदी."

ती गेली. वस्तीच्या खाली कंपनीचं बांधकाम चालू आहे, तिथे विटांचे ढीग पडलेत. तिला दुसरी मिळाली असेल. वरच्या आळीतल्या सुनेला ती शेकतेय असं नंतर कानावर आलं. मी त्या सुनेला फोन करून एवढंच सांगितलं, चटका बसायच्या आधी ओरडत जा.

जुनी वीट माझ्याकडेच आहे. बाथरूममध्ये, कमोडच्या उजव्या बाजूला. बसल्यावर कमोडची कडा नेमकी डागावर येते आणि मग कितीही कळ आली तरी आतडं आखडून बसतं. उजवा पाय विटेवर ठेवला की मांडी कडेवरून उचलली जाते, आणि पोट लगेच साफ होतं. रोज सकाळी. आईला हे सांगितलेलं नाही.